घर, घड्याळ आणि गिरणी

1913 साली जपानमध्ये तीन लिखाणे छापून आली. ओसाकातल्या काजिमा बँकेचे होशिनो युकिनोरी यांनी फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तकाचा अनुवाद प्रसिद्ध केला. मूळ पुस्तक येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. इकेदा तोशिरो यांनी त्याच विचारांवर साध्या कामगाराला समजेल अशी, गोष्टीच्या रूपातली पुस्तिका लिहिली. कामातले वायफळ कष्ट कसे वाचवावेत हा तिचा विषय. तिसरे लिखाण डॉक्टर इशिहारा ओसामू यांचे. कापड गिरण्यांत राबणाऱ्या मुली आणि क्षयरोग यांचा संबंध त्यांनी आकडेवारीनिशी मांडला होता.

पहिली दोन लिखाणे व्यवस्थापनाच्या इतिहासात मोडतात, तिसरे आरोग्याच्या. त्यामुळे ती सहसा शेजारी ठेवून वाचली जात नाहीत. ती तशी वाचायला हवीत असे मला ठामपणे वाटते, कारण तिन्हींचा विषय एकच आहे. कारखान्यात काम करणाऱ्या शरीराचे मोजमाप कसे करायचे, हा तो विषय. होशिनो आणि इकेदा यांच्या पानांत वेळ आणि हालचाल मोजली जाते. इशिहारा यांच्या पानांत वजन, आजार आणि मृत्यू मोजले जातात. पुढच्या साठ वर्षांत जपानी कंपन्यांनी यातले कोणते मोजमाप उत्साहाने उचलले, कोणते पुढे ढकलले आणि दोन्ही वेळा ‘आपली परंपरा’ कशी पुढे केली, हे उरलेल्या कागदांतून बरेच स्पष्ट दिसते.

जपानी कार्यक्षमतेविषयी दोन ठरीव उत्तरे आपण ऐकत आलो आहोत. एक म्हणजे जपानी माणूस मुळातच शिस्तीचा आणि समूहनिष्ठ, म्हणून या पद्धती तिथे रुजल्या. दुसरे म्हणजे टेलर यांचे शास्त्र कोरडे होते, जपान्यांनी त्यात कुटुंबाचा जिव्हाळा मिसळला. दोन्ही उत्तरांत संस्कृती आधी येते आणि घटना मागून. कागदांची तारीखवार मांडणी केली की हा क्रम टिकत नाही.

कायद्याला दिलेले उत्तर

टेलर यांचे नाव जपानमध्ये पोहोचण्याआधीच परंपरेचा युक्तिवाद तयार होता. 1890च्या दशकात सरकार कारखाना कायद्याची चाचपणी करू लागले, तेव्हा उद्योजकांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की जपानमध्ये मालक आणि कामगार यांचे नाते आईबाप आणि लेकरांचे आहे. पाश्चात्त्य देशांत तंटे होतात म्हणून तिथे कायदे लागतात. आपल्याकडे कायदा आणला तर हा जिव्हाळाच आटेल. जपानी उद्योगाचे पितामह मानले जाणारे शिबुसावा एइची यांनीही 1896 साली सरकारच्या सल्लागार परिषदेत कायद्याला विरोध केला. रातपाळी बंद करणे गिरण्यांना परवडणार नाही, हे त्यांच्या बोलण्यातले कारण मात्र जिव्हाळ्याचे नव्हते, सरळ हिशेबाचे होते.

जिव्हाळ्याचा हा दावा तपासायला 1903 सालचा सरकारी दस्तऐवज आहे. कृषी व व्यापार मंत्रालयाने कामगारांच्या स्थितीची पाहणी करून तो प्रसिद्ध केला. आगाऊ रक्कम देऊन खेड्यांतून आणलेल्या मुली, त्यांची वसतिगृहे, दोन पाळ्यांत अहोरात्र चालणाऱ्या चात्या यांचे तपशील त्यात आहेत. पाहणी करणाऱ्या मंत्रालयाला कायदा हवा होता, हे लक्षात ठेवून तो वाचला पाहिजे. पण गळतीची माहिती गिरण्यांकडूनच आलेली आहे आणि ती सर्वांत बोलकी आहे. मोठ्या गिरण्यांत वर्षभरात एवढे लोक सोडून जात, की जवळजवळ सगळी माणसे नव्याने भरावी लागत. सोडून जाणाऱ्यांत न सांगता पळून गेलेल्यांचा भरणा मोठा होता. पळापळ थांबवण्यासाठी वसतिगृहांवर पहारे ठेवले जात. कुटुंबाचे चित्र ज्यांनी परिषदेत रंगवले, त्यांच्याच हजेरीपटांनी ते खोडून काढले होते.

कायदा 1911 साली मंजूर झाला आणि सप्टेंबर 1916मध्ये अमलात आला. बायका आणि मुलांच्या रातपाळीवरची बंदी त्यात होती, पण अंमलबजावणी पुढे 15 वर्षे लांबवण्याची सवलतही त्यातच होती. इशिहारा यांचा अहवाल याच मधल्या काळातला आहे. रातपाळीच्या आठवड्यात मुलींचे वजन घटते आणि दिवसपाळीच्या आठवड्यात ते पूर्ण भरून येत नाही, हे त्यांनी वजने घेऊन दाखवले. आजारी पडून गावी परतलेल्या मुलींचा त्यांनी माग काढला, तेव्हा मरण पावलेल्यांत क्षयाचे प्रमाण भयंकर निघाले. गिरणीच्या दप्तरात ती मुलगी ‘काम सोडले’ एवढ्या नोंदीवर संपत होती. इशिहारा यांनी तिच्या पुढचे पान लिहिले. जपानी उद्योगाच्या इतिहासातले हे सर्वांत धाडसी मोजमाप होते, असे मी मानतो.

पंधरा लाख प्रती

इकेदा यांच्या पुस्तिकेच्या सुमारे 15 लाख प्रती खपल्या, असा आकडा अभ्यासक देतात. एवढा खप पाहून जपानी कामगाराने टेलर यांचा विचार डोक्यावर घेतला, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण या प्रती दुकानातून एकेकाने विकत घेतलेल्या नव्हत्या. मित्सुबिशीसारख्या कंपन्यांनी त्या घाऊक घेऊन आपल्या माणसांत वाटल्या. म्हणून या आकड्यावरून कामगाराच्या मनाविषयी फार थोडे सांगता येते. मालकाच्या मनाविषयी मात्र बरेच कळते. कार्यक्षमता हा विषय कामगाराच्या हाती देण्याजोगा आहे, असे त्याला वाटले.

यात टेलर यांच्या मूळ पुस्तकाहून एक खरा फरक आहे. टेलर व्यवस्थापकांशी बोलतात. बेथलेहेम स्टीलमधला एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड उचलायचा, तो सांगितल्याबरहुकूम काम करून 47 टन उचलू लागला आणि त्याची मजुरी 1 डॉलर 15 सेंटवरून 1 डॉलर 85 सेंट झाली, ही त्यांची प्रसिद्ध हकिगत. त्या हकिगतीत मजुराने विचार करणे अपेक्षितच नाही. इकेदा मात्र वाचकाला सांगतात की वाया जाणारे श्रम तू स्वतः ओळख. याला जपानी स्वभावाचा पुरावा मानण्याआधी बाजाराचा विचार केला पाहिजे. पुस्तिका कामगारांत वाटायची होती, म्हणून ती कामगाराला उद्देशून लिहिली गेली.

घड्याळ लावून काम मोजण्याला विरोध म्हणजे पौर्वात्य मन आणि पाश्चात्त्य शास्त्र यांचा झगडा, हेही खरे नाही. ऑगस्ट 1911मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउन शस्त्रागारात स्टॉपवॉचवरूनच कामगारांनी काम बंद केले. काँग्रेसने चौकशी समिती नेमली. 1915पासून सरकारी शस्त्रागारांतल्या अशा वेळमापनावर सरकारी पैसा खर्च करायला कायद्याने मनाई झाली. टेलर यांच्या जन्मभूमीत हे घडले.

मुतो यांच्या दोन कार्यपद्धती

परंपरेच्या युक्तिवादाला सर्वांत भारदस्त रूप दिले ते कानेगाफुची सूतगिरणीचे, म्हणजे ‘कानेबो’चे मुतो सांजी यांनी. 1894 साली ते ह्योगोच्या गिरणीचे व्यवस्थापक झाले आणि पुढे कंपनीचे सर्वेसर्वा. मायेने वागवणारी कंपनी म्हणून कानेबोचा लौकिक त्यांनी घडवला. या लौकिकाची साधने कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. सूचनापेटी आणि कंपनीचे अंतर्गत वृत्तपत्र यांची प्रेरणा अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीची. 1905ची परस्पर साहाय्य संस्था जर्मनीतल्या क्रुप कारखान्याच्या नमुन्यावर उभारलेली. मुतो तरुणपणी अमेरिकेत राहून आले होते आणि परदेशी कंपन्यांची माहितीपत्रके बारकाईने वाचत. ज्याला पुढे निखळ जपानी कुटुंबपद्धती म्हटले गेले, तिचे बरेचसे भाग असे वाचून, निवडून, विचारपूर्वक बसवलेले होते. याने मुतो यांचे श्रेय कमी होत नाही. उलट त्यांची मेहनत दिसते, जी ‘परंपरा’ या शब्दाखाली झाकली जाते.

1912 साली कानेबोत ‘शास्त्रीय’ कार्यपद्धतीची घोषणा झाली. हालचालींचा अभ्यास, कामाचे प्रमाणीकरण, नासाडीवर नियंत्रण, सगळे त्यात होते. 1915 साली तिच्या जोडीला ‘मानसिक’ कार्यपद्धती आली, म्हणजे कामगाराच्या मनाची मशागत. क्रम महत्त्वाचा आहे. घड्याळ आधी आले आणि मनाची भाषा मागून. टेलर यांच्या पद्धतीला पर्याय म्हणून कुटुंबभाव उभा राहिला असता तर हे उलटे घडले असते. कानेबोत दोन्ही एकाच व्यवस्थापकाच्या सहीने, एकमेकांना पूरक म्हणून चालले.

1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा मुतो जपानी मालकांचे प्रतिनिधी होते. कानेबोतल्या सोयीसुविधा सांगणारी इंग्रजी पुस्तिका त्यांनी तिथे मांडली. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने पाठवलेले मासुमोतो उहेई हे पेशाने अभियंता होते, आणि त्यांच्या निवडीचा कामगार संघटनांनी कडाडून निषेध केला होता. सल्लागार म्हणून गेलेल्या तानाका ताका यांनी रातपाळीविरुद्ध भाषण केले, त्यावरून जपानी शिष्टमंडळातच वादळ उठले. तानाका या शिबुसावा यांच्याच नात्यातल्या. परिषदेने आठवड्याला 48 तासांचा नियम केला, पण जपानसाठी 57 तासांचे आणि हिंदुस्थानसाठी 60 तासांचे वेगळे कलम घातले गेले. कानेबोची पुस्तिका आणि 57 तासांचे कलम एकत्र ठेवून वाचले, तर घराची भाषा कोणत्या दालनात, कोणासमोर आणि कशासाठी बोलली जात होती ते समजते.

दंतमंजनाच्या पिशव्या

या सगळ्यात एक प्रयोग असा आहे, ज्याकडे मी आदराने पाहतो. 1920 साली तोक्योच्या कोबायाशी पेढीने, म्हणजे ‘लायन’ दंतमंजनाच्या उत्पादकांनी, उएनो योइची यांना बोलावले. उएनो 1883चे, शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ, मानसशास्त्राच्या नियतकालिकाचे संपादक. पेढीचे संस्थापक ख्रिस्ती धर्मनिष्ठ होते. 1900पासून त्यांनी दंतमंजनाच्या कागदी पिशव्यांवर दानाची कुपने छापली होती. ग्राहकाने रिकामी पिशवी संस्थेला द्यायची आणि त्या हिशेबाने पेढीने संस्थेला पैसे द्यायचे. या पिशव्या भरायचे आणि बांधायचे काम उएनो यांनी अभ्यासाला घेतले.

पूड भरणे, पिशवी बंद करणे, वेष्टण घालणे, खोक्यात रचणे अशी ही कामाची साखळी. उएनो यांनी प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ मोजला, एका टप्प्याचा वेग पुढच्याशी जुळवला, टप्प्यांच्या मध्ये साचणारा माल कमी केला आणि मांडणी बदलली. मानसशास्त्रज्ञ असल्याने थकवा हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग होता. परिणाम असा नोंदला आहे, की उत्पादन 20 टक्के वाढले, जागा मोकळी झाली आणि कामाचा दिवस एका तासाने कमी झाला. ही हकिगत उएनो आणि त्यांच्या संस्थेकडून आपल्यापर्यंत आली आहे. पिशव्या भरणाऱ्या बायकांचे म्हणणे तिच्यात नाही, एवढे भान ठेवावे लागते. तरीही कमी झालेला एक तास मला 20 टक्क्यांहून मोलाचा वाटतो. घड्याळ लावून वाचवलेल्या वेळाचा काही वाटा ज्यांचा वेळ मोजला त्यांच्याकडे परत गेला, याची ही नोंद आहे.

1919 साली मालक-कामगार सलोख्यासाठी ‘क्योचोकाई’ नावाची संस्था निघाली. शिबुसावा तिचे एक उपाध्यक्ष होते. तिच्याच छत्राखाली 1922 साली औद्योगिक कार्यक्षमता संस्था सुरू झाली आणि सूत्रे उएनो यांच्याकडे आली. पुढे त्यांनी कार्यक्षमतेला जीवनमार्गाचे रूप दिले, तिला झेन विचाराशी जोडले. नासाडी, अतिताण आणि असमानता टाळा, ही शिकवण त्यांनी मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांच्या कितीतरी आधी सांगितली. पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत आज ‘मुदा, मुरी, मुरा’ म्हणून जे शिकवले जाते ते हेच. मात्र झेनची भाषा दंतमंजनाच्या प्रयोगानंतरची आहे. पिशव्यांचा अभ्यास झाला तो मापनाच्या आधारावर.

रातपाळी गेली तेव्हा

मुंबईचा या कहाणीशी थेट संबंध आहे. 1893 साली टाटांच्या पुढाकाराने मुंबई-कोबे जहाजवाहतूक सुरू झाली ती कापसासाठी. जपानी सूतगिरण्यांच्या चात्यांवर इथला आखूड धाग्याचा कापूस चढत होता. 1920च्या दशकात तिथले कापड आणि सूत इथल्या मालाला भारी पडू लागले. 1927च्या टॅरिफ बोर्डाने या स्पर्धेची चौकशी केली, तेव्हा जपानी गिरण्यांच्या फायद्यांत दुहेरी पाळी आणि बायकांची रातपाळी यांची ठळक नोंद झाली. मुंबईत बायकांना रातपाळी कायद्याने बंद होती.

मुंबईच्या मालकांचे उत्तर होते ‘एफिशियन्सी’. विणकामात दोन साच्यांच्या (मागांच्या) जागी तीन साचे, सूतकताईत एका साईडच्या जागी दोन साईड. त्यातून 1928चा एप्रिल ते ऑक्टोबर चाललेला, सुमारे दीड लाख कामगारांचा संप उभा राहिला आणि गिरणी कामगार युनियन जन्माला आली. हा विरोध पाहून मुंबईचा कामगार अडाणी आणि जपानी कामगार समंजस, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. पण संपातल्या मागण्या साच्यांची संख्या, नोकरीची कपात आणि मजुरीचे दर यांविषयी आहेत. जास्त साचे चालवल्यावर उरलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. त्याचे उत्तर कोणी लेखी दिले नव्हते.

जपानमध्ये बायकांची रातपाळी 1 जुलै 1929 रोजी कायद्याने थांबली. पहाटे 5 ते रात्री 11 या वेळात साडेआठ तासांच्या दोन पाळ्या बसवल्या गेल्या. हे झाले तर उद्योग बुडेल, असे तीस वर्षे सांगितले जात होते. उद्योग बुडाला नाही. गिरण्यांनी यंत्रे सुधारली, हालचालींचे प्रमाणीकरण नेटाने केले, दर कामगारामागे चात्या वाढवल्या. घड्याळाचा खरा व्यापक वापर रातपाळी गेल्यावर झाला, ही गोष्ट मला निर्णायक वाटते. मुलींच्या झोपेतून स्वस्त उत्पादन मिळत होते तोवर कार्यक्षमता भाषणात राहिली. कायद्याने तो मार्ग बंद केला, तेव्हा ती खात्यात उतरली. इशिहारा यांचे मोजमाप अखेर मान्य झाले आणि त्यामुळे टेलर यांच्या मोजमापाला वेग आला.

याचा बोजाही कामगारांवरच पडला. एप्रिल 1930मध्ये मंदीचे कारण देत कानेबोने पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचा खास भत्ता बंद केला. मुतो त्याच वर्षाच्या आरंभी निवृत्त झाले होते. मायेच्या कारभाराचा आदर्श समजल्या जाणाऱ्या या कंपनीत एकामागून एक गिरण्यांत संप झाले. भागधारकांचा लाभांश चालू आहे आणि आमचाच भत्ता का, हा संपकऱ्यांचा सवाल होता. घराची भाषा खरी मानणाऱ्यांनीच तिचा हिशेब मागितला.

लेखी हमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गोष्टी बहुतेकांना माहीत आहेत. 1950ची अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांची गुणवत्ता नियंत्रणावरची व्याख्याने, 1951पासूनचे डेमिंग पारितोषिक, 1962पासूनची गुणवत्ता मंडळे. त्या झगमगाटात 20 मे 1955चा एक साधा मजकूर झाकला जातो. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकी मदतीने जपान उत्पादकता केंद्र सुरू झाले होते. सोह्यो या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने विरोध केला. उत्पादकता म्हणजे कामाचा ताण आणि कपात, हा त्यांचा अनुभव होता. 1950 साली टोयोटातही कपातीवरून मोठा लढा होऊन अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले होते. या पार्श्वभूमीवर 20 मे रोजी केंद्राने तीन तत्त्वे जाहीर केली. उत्पादकता वाढल्याने शेवटी रोजगार वाढेल, आणि मधल्या काळात जादा ठरणाऱ्यांना बदली किंवा अन्य मार्गांनी सांभाळून बेकारी टाळली जाईल. पद्धती कशा राबवायच्या ते मालक आणि कामगार मिळून ठरवतील. फायदा मालक, कामगार आणि ग्राहक यांच्यात न्याय्य वाटला जाईल. सोदोमेई या दुसऱ्या महासंघाने अटी घालून सहभाग दिला.

या तत्त्वांत स्वभावाचा किंवा परंपरेचा आधार घेतलेला नाही. आहे ती देवाणघेवाण, आणि तीही भांडणानंतरची. जिथे हमी पाळली गेली तिथे पद्धती रुजल्या. जिथे मोडली तिथे त्याच देशात, त्याच संस्कृतीत त्या कोसळल्या. 1970 साली जपानी राष्ट्रीय रेल्वेने उत्पादकतेची मोहीम हाती घेतली आणि तिच्या आडून संघटना फोडण्याचे प्रकार झाले. मितो विभागातल्या एका अधिकाऱ्याचे बोलणे ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आले आणि ऑक्टोबर 1971मध्ये रेल्वेच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. मोहीम गुंडाळली गेली.

या कागदांतून मला एकच गोष्ट सांगायची आहे. जपानी कंपन्यांत कार्यक्षमतेच्या पद्धती पसरल्या, त्याचे श्रेय संस्कृतीला देताना आपण तीन खऱ्या कारणांना विसरतो. शरीराची झीज मोजणारा डॉक्टर, रातपाळी थांबवणारा कायदा आणि नोकरीची लेखी हमी मागणारी संघटना, ही ती कारणे. आपल्या कारखान्यांत जपानी पद्धतींचे फलक लागतात, प्रशिक्षण होते, कामगाराकडून सूचना मागवल्या जातात. ते चांगलेच आहे. पण 1955च्या त्या तीन तत्त्वांचा मजकूर त्या फलकांशेजारी क्वचितच लागतो. वाचलेला वेळ कोणाचा आणि कमी झालेल्या जागेवरच्या माणसाचे काय, हे आधी लिहून द्यावे आणि मग घड्याळ हातात घ्यावे. जपानच्या इतिहासातून उचलण्याजोगी पहिली पद्धत हीच आहे.